टाकीच्या पाण्याला वास येतोय, काय करू?

मी: सगळ्यांना एक विचारायचंय. आपली मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, १९९० सालची. इंजिन, ब्रेक, टायर सगळं तपासून झालं, पाण्याकडे मात्र कुणी बघितलंच नव्हतं. काल टाकी भरून नळ सोडला तर पाणी कुबट. गरम पाण्याला तर चक्क सडक्या अंड्यांचा वास. आणि रात्री एकही नळ उघडा नसताना पंप मध्येच घुर्र करतो, सेकंदभर चालतो नि गप्प होतो. पोरांना चूळ भरायलाही हे पाणी द्यायची हिंमत होत नाहीये.

आत्या: अजिबात देऊ नकोस गं. सगळं नीट होईपर्यंत पिण्याचं पाणी बाटल्यांतून वेगळं ने.

जिजू: सोपं आहे. ब्लीच ओत टाकीत, रात्रभर ठेव, सकाळी सोडून दे.

मामा: थांबा जरा. ब्लीच सगळ्यात शेवटी. आतून बुळबुळीत थर धरलेला असला तर ब्लीच वरवर मारतं, थराच्या पोटातले जंतू तसेच राहतात. आठ दिवसांत वास परत हजर. आधी टाकीचं तोंड उघड, हात जात असेल तर आतली भिंत बोटाने पूस आणि बोटाला काय लागतं ते सांग.

मी: पुसली. साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतंय. खिडकीच्या बाजूच्या भिंतीला हिरवी झाक आहे.

मामा: शेवाळ. टाकी अर्धपारदर्शक असणार, उजेड आत शिरतो. मऊ ब्रशने घासून काढ. तारेची घासणी नको, ओरखड्यांत परत घाण बसते. गाळ काढायला तळाचा कॉक पूर्ण उघड. टाकीची हवेची नळी बाहेर कुठे निघते तेही बघ. तिच्या तोंडाची जाळी गेली असेल तर किडे थेट आत जातात.

ताई: गरम पाण्याच्या वासाचं मी सांगते. आम्ही लॅबमध्ये पाणीच तपासतो. पाण्यात सल्फेट असतं. काही जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. स्टीलच्या गीझरला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, स्टीलऐवजी तो झिजतो. पण त्याच्यामुळे ह्या जिवाणूंचंही फावतं. गीझरची टाकी ॲल्युमिनियमची असेल तर दांडा बहुधा नसतो, म्हणून आधी ते बघून घे.

मामा: बरोबर. पण उघडण्याआधी गीझर बंद करून पूर्ण गार होऊ दे. मग पंप बंद कर, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोड, त्यानंतरच दांड्याला पाना लाव. घाई केलीस तर उकळतं पाणी अंगावर येईल. आणि गीझर पाण्याने भरल्याशिवाय परत चालू करायचा नाही. विजेचा असेल तर कॉइल क्षणात जळते.

जिजू: आणि पंपाचं? पंपच बदलून टाकावा का?

मामा: लगेच नको. पंपात दाबावर चालणारा स्विच असतो. पाइपातला दाब उतरला की तो पंप सुरू करतो. नळ बंद असून पंप वाजतो म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. एकतर बाहेर थेंब थेंब गळतंय, नाहीतर पंपाची झडप झिजल्यामुळे उलटं टाकीत परततंय. दुसरं ओळखायची खूण सांगतो. बाहेरच्या नळाचं कनेक्शन लावल्यावर टाकी आपोआप भरायला लागली तर झडप गेली. तसं नसेल तर गळती शोध. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेव आणि तासाभराने बघ. ओलावा डोळ्यांना दिसत नाही, कागदाला लगेच कळतो.

मामा: आणि हो, पाइपांचा रंग कोणता?

मी: राखाडी, थोडे लवचीक.

मामा: मग बहुतेक पॉलिब्युटिलिन, म्हणजे पीबी नावाचं प्लॅस्टिक. साधारण १९७८ ते १९९५ पर्यंत घरांत आणि अशा गाड्यांत हा पाइप सर्रास बसवला. पाण्यातल्या क्लोरीनने तो वर्षानुवर्षं आतून ठिसूळ होत जातो, आणि प्लॅस्टिकचे जोड बऱ्याचदा त्याच्याही आधी तडकतात. पाइपावर पीबी छापलंय का बघ. असेल तर मी तरी पेक्स, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्लॅस्टिकचे पाइप, टाकून घेईन. एकदम जमलं नाही तर निदान जोड आधी बदल.

(चार दिवसांनी)

मी: मामा, ऐक. पंपाआधीची गाळणी उघडली तर आत पांढरे प्लॅस्टिकचे कीस अडकलेले. नव्या टाकीला भोकं पाडताना पडलेले असणार, चौतीस-पस्तीस वर्षं तिथेच! गाळणीच्या झाकणाचं रबर वाळून तडकलेलं, पंप तिथूनच हवा ओढत होता. दांडा काढला तर मधली तार तेवढी उरलेली, बाजूला पांढरा भुगा. आणि गळती सापडली. शेवटच्या खणाच्या मागे, गीझरच्या कोपऱ्यातल्या जोडाला. टिश्यूवर रुपयाएवढा ओला डाग. खालची फळी फुगून मऊ झालीय. पाइपांवर पीबीच आहे. तो जोड बदलला, बाकीचे पुढच्या महिन्यात.

मामा: शाब्बास गं! नव्या रबराला सिलिकॉन ग्रीस लाव. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं. आता कर ब्लीच.

ताई: माप माझ्याकडून घे. वास किंवा साबण नसलेलं साधं ब्लीच, ५ टक्क्यांचं, लिटरमागे १ मिली. म्हणजे क्लोरीन साधारण ५० पीपीएम, दहा लाख भागांत ५० भाग, होतं. तुझ्या १२० लिटरच्या टाकीला १२० मिली. ब्लीच ठेवून ठेवून कमजोर होतं, तेव्हा जुनी बाटली वापरू नकोस. बादलीभर पाण्यात कालवून मग टाकीत ओत आणि टाकी गच्च भर. कार्बन फिल्टर आधी काढून ठेव, तो सगळं क्लोरीन खाऊन टाकेल. मग एकेक नळ सोड, गार आणि गरम दोन्ही, शॉवरही विसरू नकोस. ब्लीचचा वास आला की बंद कर. १२ तास तसंच राहू दे.

जिजू: क्षार काढायला व्हिनेगरही सोबत घातलं तर?

ताई: नाही! ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद गाडीत तर फार धोकादायक. क्षार आधी वेगळे काढायचे, दोन-तीनदा धुवायचं आणि मगच ब्लीच.

मामा: भरल्यावर गाडी थोडी फिरवून आण, पाणी हिंदकळून छतापर्यंत पोहोचतं. पण १२० लिटर म्हणजे १२० किलो, ब्रेकचं भान ठेव. आणि ते पाणी झाडांत किंवा ओढ्यात सोडू नकोस.

आत्या: एवढं केल्यावर पिता येईल ना?

ताई: वास जाईपर्यंत धुतल्यावर एकदा नमुना तपासून घेऊ, मग पोरांना दे. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी आणि गीझर रिकामे करून ठेव. कोमट, साचलेलं पाणी लिजिओनेला नावाच्या जिवाणूला मानवतं, साधारण २० ते ४५ अंशांत तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातो.

मामा: थंडीत गाडी गोठणाऱ्या जागी ठेवलीस तर पाइपातही पाणी ठेवू नकोस. गोठताना ते साधारण ९ टक्के फुगतं, पाइप फाटतो. अँटीफ्रीझ घालायचंच तर पिण्याच्या पाइपांसाठीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. इंजिनातलं विषारी असतं.

मी: ब्लीच काल रात्री भरलं होतं, आज सकाळी सोडलं. तीन टाक्या धुवाव्या लागल्या, आता वास नाही. ताई, बाटली उकळून ठेवलीय, नमुना कुठल्या नळाचा घेऊ?

ताई: उकळलेली नको, लॅबची निर्जंतुक बाटली मी आणते. क्लोरीन मारायची पूड तिच्यात आधीच असते, नाहीतर निकाल फसवा येतो. स्वयंपाकाच्या ओट्याचा गार नळ, दोन मिनिटं पाणी सोडून.

मामा: आणि पंप? रात्री वाजला?

मी: जोड बदलल्यापासून एकदाही नाही. काल मुद्दाम दोनपर्यंत जागी राहून ऐकलं.