टाकी कोरडी पडून लहान विमान पडलं, तर दोष कोणाचा?

गगनवेध:
इंधन संपून विमान शेतात उतरलं की 'काटा चुकीचं दाखवत होता' हे ठरलेलं उत्तर येतं. मला ही पळवाट वाटते. सेसना १७२ एस हे चार आसनांचं लहान विमान घ्या. टाक्यांत २१२ लिटर मावतं, वापरता येतं सुमारे २००. क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, ताशी ३८ लिटर जातं. वजन आवरायला कोणी १४० लिटरच घेतलं आणि ११० नॉटने (ताशी ११० सागरी मैल) ३३० सागरी मैल जायचं ठरवलं, तर तीन तासांत ११४ लिटर. टॅक्सी-चढाईचे पाच-सहा लिटर वजा करूनही दिवसाच्या उड्डाणाला लागणारा ३० मिनिटांचा राखीव साठा उरतो, म्हणजे नियमातही बसलं. पण समोरून २० नॉट वारा लागला की तेच अंतर ३ तास ४० मिनिटांचं होतं. १३९ लिटर, वर ते पाच-सहा. धावपट्टी सात-आठ मिनिटांवर असताना इंजिन बंद. यात काट्याचा संबंध येतोच कुठे? निघण्याआधी पट्टी बुडवून मोजा आणि दर अर्ध्या तासाने जमिनीच्या तुलनेतला खरा वेग पाहून हिशेब पुन्हा मांडा.

तरंगकाटा:
हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. पंखावरचं झाकण नीट बसलं नसेल तर वरच्या कमी दाबाने इंधन बाहेर खेचलं जातं. काही जुन्या सेसनांत रबरी पिशवीची टाकी असते. तिथे पिशवीचा तळच वर उचलला जातो, सोबत काट्याला जोडलेला, इंधनावर तरंगणारा गोळाही, आणि टाकी रिकामी होत असताना काटा 'भरलेली' दाखवत राहतो. पट्टीने मोजणाऱ्या, हिशेब करणाऱ्या वैमानिकाने काय करायचं? १९९६ नंतरच्या १७२ मध्ये एका टाकीत ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर उरलं की दिवा लागतो. जुन्या विमानांनाही तो सक्तीचा करा.

उजवी_टाकी:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. पुष्कळदा इंधन संपलेलं नसतं, इंजिनापर्यंत पोचत नसतं. पायपर पीए-२८ या लहान विमानाच्या सिलेक्टरला, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणाऱ्या खटक्याला, टाक्यांसाठी डावी-उजवी एवढंच आहे, 'दोन्ही' नाही. डावी कोरडी पडते आणि उजवी अर्धी भरलेली असताना विमान खाली येतं. इंजिन खोकलं की आधी नाक खाली घेऊन ग्लाइडचा (इंजिनाशिवाय तरंगत जाण्याचा) वेग धरायचा, मग टाकी बदलायची, विजेचा पंप चालू, मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. रिकामी नळी भरून ताकद परत यायला दहा सेकंदही लागू शकतात, आणि त्या दहा सेकंदांत घाबरून सिलेक्टर परत फिरवला की संपलंच. म्हणून ३०० फुटांवर टाकी बदलत बसू नये. उंची असतानाच, घड्याळ लावून बदलावी.

गगनवेध:
झाकणाचा मुद्दा पटला. पण ते झाकण उड्डाणापूर्वी स्वतःच्या हाताने दाबून बघायचं असतं, ते काम दिवा करणार नाही. दोन्ही बाजूंचे दिवे लागले तेव्हा तासभराचं इंधन उरलेलं असतं, तरीही लोक वाटेतला विमानतळ सोडून पुढे रेटतात. सक्ती करायचीच तर ३० मिनिटांऐवजी तासाभराच्या साठ्याची करा.

तरंगकाटा:
चार माणसं बसवल्यावर तो जादा साठा कुठे ठेवणार?

गगनवेध:
जादा अर्धा तास म्हणजे १९ लिटर, जेमतेम १४ किलो. एक बॅग खाली ठेवा.

तरंगकाटा:
बॅग ठेवली. झाकण सैल असेल तर ते १९ लिटरही त्याच वाटेने जातील, आणि काटा मला सांगणार नाही.