बैल विकल्यानंतरचा गोठा : पार्श्वसंगीत अडले आहे, मार्ग सुचवावा

ऑर्गनमास्तर (ब्रह्मपुरी तालुका) :

सर्वांना नमस्कार. मी गेली चौदा वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतो आणि नाटकांची गाणीही बसवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम असतो, रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत हात थांबत नाही, आणि चाल सुचली नाही असे एवढ्या वर्षांत कधी झाले नाही. कारण समोर नट उभा असतो, तो श्वास घेतो तिथे आपण स्वर सोडतो, आणि एखादी जागा फसलीच तर पुढच्या गावच्या प्रयोगात ती दुरुस्त करता येते. यंदा प्रथमच एका मराठी चित्रपटाचे काम मिळाले. दोन गाणी झाली, ती दिग्दर्शकांना आवडलीही. चित्रपट ९२ मिनिटांचा आहे. पार्श्वसंगीताच्या २४ जागा आम्ही दोघांनी बसून ठरवल्या, त्यांपैकी १६ पूर्ण झाल्या आणि सतराव्या जागेवर मी १९ दिवसांपासून अडकून पडलो आहे.

प्रसंग साधा आहे. शेतकरी बैलजोडी बाजारात विकून संध्याकाळी घरी येतो आणि घरात न शिरता आधी गोठ्यात जातो. गव्हाणीत उरलेले कुटार तो हाताने एका बाजूला सारतो, बरोबर चाळिसाव्या सेकंदाला खुंटीवरची घुंगरमाळ काढतो, धोतराच्या सोग्याने पुसतो, पुन्हा तिथेच अडकवतो आणि बाहेर पडतो. संवाद एकही नाही. एकूण लांबी १ मिनिट ४४ सेकंद.

या पावणेदोन मिनिटांसाठी मी अकरा चाली केल्या आणि अकराही पुसून टाकल्या. मारवा झाला, शिवरंजनी झाला, बासरी झाली, सारंगीचा नमुना वापरून पाहिला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी ऐकताना वाटते की हे दुःख दुसऱ्याच कुणाचे तरी आहे. त्यात दिग्दर्शकांनी संकलनाच्या वेळी या प्रसंगाखाली एका परदेशी चित्रपटातला पियानो टाकून ठेवलेला आहे. ‘नुसता अंदाज यावा म्हणून’ असे ते म्हणतात, पण आता मी डोळे मिटले तरी तोच पियानो वाजतो. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचे शेवटचे काम, तीन आठवड्यांवर आले आहे. हल्ली कीबोर्डवरचे फडके काढण्याचीही इच्छा होत नाही. उत्तम चाल कशी सुचते हे मी विचारत नाही. काहीच सुचत नसते तेव्हा आपण नेमके काय करता, एवढेच कुणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

संकलनमेज (नागपूर) :

मास्तर, अर्धा दोष त्या पियानोचा आहे आणि तो तिथे ठेवणाऱ्या आमच्या जातीचा आहे, हे मी संकलक म्हणून आधीच कबूल करतो. चित्र कापताना हाताला लय लागावी म्हणून आम्ही कुठले तरी तयार संगीत खाली टाकतो, त्याला ‘टेंप’ म्हणतो, आणि दोन महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचे आणि आमचेही कान त्याला असे सरावतात की पुढे अस्सल संगीत आले तरी ते उपरे वाटते. एका माहितीपटाच्या वेळी माझ्या अशाच टेंपपायी संगीतकाराच्या पाच चाली परत गेल्या होत्या. सहाव्या वेळी त्या बिचाऱ्याने टेंपचीच नक्कल करून दिली आणि ती मात्र लगेच पसंत पडली. मला त्याची आजही लाज वाटते.

म्हणून पहिले काम असे करा की दिग्दर्शकांकडून त्या प्रसंगाची टेंपविना प्रत मागून घ्या. मात्र पूर्ण मुकी प्रत मागू नका. चित्रीकरणाच्या जागी नोंदलेला आवाज तिच्यात असू द्या, म्हणजे कुटार सारल्याची खसखस आणि माळेचा आवाज आपल्याला ऐकू येईल. आपण आतापर्यंत बहुधा पियानोशी स्पर्धा करत होतात.

दुसरी गोष्ट रुक्ष आहे, पण चाल सुचत नसेल त्या दिवशी मी संगीतकारांना हेच करायला सांगतो : नुसते गणित करा. आपला प्रसंग १०४ सेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) धरल्या तर २६०० चौकटी. माळेला हात लागतो तो चाळिसावा सेकंद. मिनिटाला ७० मात्रांची लय घेतली तर तो क्षण दोन मात्रांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो आणि आपल्याला तो ओढून जागेवर आणावा लागतो; पण लय ६६ ठेवली तर ४० सेकंदांत बरोबर ४४ मात्रा होतात, म्हणजे चार मात्रांचे ११ बार संपून बाराव्याची पहिली मात्रा माळेवर येते. लय ६० ठेवली तरी अकराव्या बारची सुरुवात तिथेच होते. हा कागद समोर असला की ‘काय वाजवू’ हा भला मोठा प्रश्न बाजूला राहतो आणि ‘या अकरा बारांत काय घडू द्यायचे’ एवढाच उरतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. सम तिथे आली म्हणून तिथे ठोका द्यायलाच हवा असे नाही. पडद्यावरच्या हर हालचालीला वाद्याने होकार दिला की कार्टून होते, आणि या प्रकाराला आमच्या धंद्यात ‘मिकी माउसिंग’ असेच नाव आहे.

धुऱ्यावरून (आर्णी तालुका) :

मी संगीतातला नाही, शेती करतो आणि चित्रपट पाहतो, तेव्हा माझे म्हणणे त्या बेताने घ्यावे. गाव दाखवले की बासरी, आणि कास्तकार दाखवला की सारंगी, हे आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते सुरू होताच पुढे कोण रडणार हे पोराबाळांनाही कळते. आपण ते पुसले हे योग्यच झाले.

माझी जोडी मी चार वर्षांपूर्वी विकली. तेव्हाचे सांगतो, कामास येते का पाहा. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आले नाही. रात्री अंगणात बाजेवर पडलो आणि झोप येईना, का येईना हे बराच वेळ समजेना, आणि मग लक्षात आले की रवंथ ऐकू येत नाही. बैल रात्रभर चघळतो, मधूनच जोरात श्वास सोडतो, मान हलली की एखादे घुंगरू वाजते. हा आवाज माझ्या कानाला जन्मापासून होता आणि तो आहे हे मला कधी माहीतच नव्हते. पुढचे दोन-तीन दिवस पहाटे चारला उठून मी ढेपेच्या टोपल्याकडे गेलो आणि परत येऊन पडलो. जोडी विकलेल्या माणसाचा गोठा हा असा असतो.

आता मला एक शंका आहे. आपल्या चित्रपटात या आधी तो आवाज कुठे ऐकू येतो काय? बंडी जुंपताना, रात्री घरात बोलणे चालले असताना, मागे कुठे तरी? जर तो आधी कुठेच नसेल तर सतराव्या जागेवर आम्हाला काय हरवल्यासारखे वाटणार? मृगात पेरले नाही आणि दिवाळीला सोयाबीनचा ढीग कुठे म्हणून विचारत बसलो, तसे व्हायचे.

खंजेरी (तिवसा तालुका) :

धुऱ्यावरून दादांनी जे लिहिले ते मी दोनदा वाचले. संगीत शिकवणाऱ्या मला हे सुचायला हवे होते. मास्तर, आपली गाठ सतराव्या जागेत नसून तिसऱ्या, पाचव्या किंवा नवव्या जागेत असावी असे मलाही वाटू लागले आहे.

मी मोझरीजवळच्या गावात खंजेरी भजनांत वाढले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजेरीवर म्हणताना पाहिले असेल तर आठवा, साज किती थोडा असतो. बोटांखाली एक चामडे आणि कडेला किणकिणणाऱ्या चकत्या, एवढ्यावर अख्खे गाव तासन्‌तास बसून राहते. आपल्यापुढे मात्र लॅपटॉपमध्ये हजारभर वाद्यांचे नमुने पडलेले असतात, आणि माझा अनुभव असा की अडण्याचे मूळ पुष्कळदा त्या भरमसाट निवडीत असते. मी अडले की स्वतःवर बंधन घालते : एक वाद्य, चार स्वर, त्याबाहेर दिवसभर जायचे नाही. आपल्याकडची भुलाबाईची गाणी म्हणून पाहा, मोजक्याच स्वरांच्या आवाक्यात ती फिरतात आणि तरी महिनाभर कंटाळा येत नाही.

आपल्यासाठी मी बंधन सुचवते ते असे : षड्ज, म्हणजे आपला सा, ऑर्गनवरून घेऊ नका, त्या घुंगरमाळेवरून घ्या. ओतीव पितळी घुंगराच्या आवाजात अनेक स्वर एकत्र नांदतात आणि ते पेटीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, म्हणून घुंगरू ओढून पेटीला जुळवण्यापेक्षा त्यातला सर्वांत ठळक स्वर शोधून बाकी सारे त्याच्याशी मिळवावे. मग तेच ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने वाजवा : स्वर एक सप्तक खाली येईल, लांबी दुप्पट होईल, आणि घुंगरू आहे हे न ओळखता येणारा एक खर्जातला गुंजारव हाती लागेल. तो चित्रपटभर रात्रीच्या प्रसंगांखाली अगदी हलका पेरून ठेवा. सतराव्या जागेवर तो काढून घ्या.

नुसते काढून घेणे पुरे होईल का, अशी भीती वाटेल. अशा वेळी मी सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) हा चित्रपट आठवते. पंडित रविशंकरांनी त्याचे बहुतेक संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केले, आणि मुलगी गेल्याचे सांगताना आई सर्वजया कोसळते तिथे तिचा आक्रोश ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचे वाद्य चढत जाते. तिथे आवाज काढून वाद्य ठेवले. आपल्याकडे उलट आहे, माणूस गप्पच आहे, म्हणून कदाचित वाद्यच काढावे लागेल. आणि आपल्या अकोल्याचे संगीतकार आनंद मोडक आठवतात : त्यांनी संगीत दिलेल्या ‘महानिर्वाण’ या नाटकात मरणाची गोष्ट कीर्तनाच्या थाटात चालते, आणि रडक्या सुरावटीने जे साधले नसते ते टाळ-मृदंगाच्या उत्साहाने तिथे साधते. दुःखाच्या प्रसंगाला दुःखी राग लावायचा हा नियम कुणी केलेला नाही.

ऑर्गनमास्तर :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण त्यांतले पाच दिवस पावसाने खाल्ले. माझ्या खोलीवर टिना आहेत, आणि पाऊस सुरू असला की तिथे घुंगराचे ध्वनिमुद्रण होऊच शकत नाही.

दिग्दर्शक टेंप काढायला आधी तयार नव्हते, म्हणून मी त्यांना धुऱ्यावरून भाऊंचा मजकूरच वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी टेंपविना प्रत आली. ती पाहताना मला प्रथमच ऐकू आले की माळ पुन्हा खुंटीला अडकवताना नटाच्या हातून ती भिंतीवर दोनदा आपटते. एकोणीस दिवस तो आवाज पियानोखाली दबून होता.

चित्रीकरणातली माळ निर्मात्यांकडे परत गेली होती, म्हणून शेजारच्या काकांची जुनी माळ मागून आणली. तिच्यातले ठळक घुंगरू पेटीच्या काळी चार आणि पांढरी पाच या शेजारच्या पट्ट्यांच्या मधेच कुठे तरी बोलते. ऑर्गन तिथवर ओढून घेतला तेव्हा सुरुवातीला कानाला फार विचित्र वाटले, तिसऱ्या दिवशी मात्र मूळ पट्टीच बेसूर वाटू लागली. निम्म्या वेगाचा तो गुंजारव मी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि चौदाव्या जागेत पेरला, आणि खरे सांगायचे तर या चार जागा पूर्वीपेक्षा बऱ्या झाल्या. त्या पूर्ण झाल्या असे मी ज्या विश्वासाने लिहिले होते त्याचे आता हसू येते.

सतराव्या जागेवर आता पहिली ४० सेकंदे काहीही नाही. माळेला हात लागतो तिथेही नाही. ६६ ची लय मी कागदावर धरली आहे, ती ऐकू येत नाही. माळ भिंतीवर दुसऱ्यांदा आपटल्यावर दोन बार सोडून ऑर्गनचा एकच षड्ज येतो आणि शेतकरी दाराबाहेर पडेपर्यंत टिकतो. दिग्दर्शकांना ही कल्पना पटली आहे, पण तो षड्जही नको असे त्यांचे म्हणणे आहे. मला तो हवा आहे. यावर आमचे अजून जुळलेले नाही.

एक तांत्रिक अडचण उरली आहे. घुंगरू जवळून घेतले तर आघात फाटतो, लांबून घेतले तर खोलीचा घुमारा येतो. यावर कुणी उपाय सांगेल काय?

संकलनमेज :

माइक हातभर अंतरावर ठेवा, पण त्याचे तोंड घुंगराच्या समोर न ठेवता थोडे कडेला वळवा, आणि पातळी इतकी खाली घ्या की सर्वांत मोठा आघातही उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये घेत असाल तर नंतर वाढवायला भरपूर वाव राहतो. घुमाऱ्यासाठी मागे दोन गाद्या उभ्या करा. षड्जाच्या दोन्ही प्रती मिक्सिंगला घेऊन जा, असलेली आणि नसलेली. मोठ्या पडद्यावर ऐकल्यावर दिग्दर्शकांचे किंवा आपले मत बदलू शकते.

ऑर्गनमास्तर :

दोन्ही प्रती नेतो. गाद्या आज रात्रीच लावून पाहतो, कारण उशीर करून चालणार नाही. काकांनी माळ पोळ्याच्या आदल्या दिवशी परत मागितली आहे. त्यांच्याकडे अजून जोडी आहे.