कापडी पिशव्यांवर मशीन भरतकाम : कापड गोळा होतंय, कोणीतरी सांगा की!

खानापूरची_सून
नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून ६० कापडी पिशव्यांची ऑर्डर घेऊन बसलेय आणि आता हातपाय गळालेत. पिशव्या शिवणं रोजचंच, त्याची काळजी नाही. पण ऑर्डर देणाऱ्या बाईंना समोर तुळशीवृंदावन आणि खाली ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ भरून पाहिजे. जाऊबाईंकडे घरगुती कॉम्प्युटर मशीन आहे, ४ इंची फ्रेमचं. कापड इचलकरंजीचं मांजरपाट. काल तीन पिशव्या करून बघितल्या. तिन्हींत वृंदावनाभोवती कापड भाजलेल्या पापडासारखं वर आलंय, आणि अक्षरं धड मराठी वाटेनात, धड कन्नड. काय चुकतंय?

टिळकवाडीकर
खाली काय लावलं होतं? कापड धुऊन घेतलं होतं का? आणि भरतकाम आधी की शिवण आधी?

खानापूरची_सून
खाली वर्तमानपत्र. धुतलं नाही. शिवलेली पिशवीच ओढून-ताणून फ्रेममध्ये घातली.

टिळकवाडीकर
तीनही उत्तरं चुकली, ताई 😀 निपाणीच्या दादांची वाट बघा.

निपाणी_टेलर
आलो. ताई, मशीनला दोष देऊ नका, ते बिचारं सांगितलं तेवढं करतंय.

पहिलं म्हणजे मांजरपाट भिजवा, वाळवा, कडक इस्त्री करा. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, दोरा आटत नाही. आज सपाट दिसलेलं भरतकाम मग महिन्याभराने गोळा होतं.

वर्तमानपत्र बंद. शाई पांढऱ्या कापडाला लागते आणि टाक्यांना आधार काहीच मिळत नाही. भरतकामाचा नॉन-वोव्हन पेपर मिळतो, एक फाडायचा आणि एक कापायचा. नुसत्या रेघांचं डिझाईन असेल तर फाडायचा चालतो. भरीव काम असेल तर कापायचाच घ्या, तो जन्मभर मागे राहतो आणि पिशवी कितीही धुतली तरी डिझाईन धरून ठेवतो. आतून अस्तर लावलंत की कोणाला दिसतही नाही.

फ्रेममध्ये कापड घट्ट पाहिजे, पण ताणलेलं नको. स्क्रू आवळून झाल्यावर चारी बाजूंनी कापड ओढायची आपल्याला खोड असते, तिथेच घात होतो. ताणलेल्या कापडावर टाके बसतात, फ्रेम काढली की कापड मूळ जागी येतं आणि टाके तिथेच राहतात. तुमचा पापड तो हाच.

सुई साध्या मांजरपाटाला ७५/११ ची, जाड कॅनव्हासला ९०/१४. वर ४० नंबरचा पॉलिएस्टर दोरा, खालच्या बॉबिनला भरतकामाचा बारीक दोरा, ६० नंबरचा. रेयॉनला चमक जास्त असते, पण पिशवी बाजारात जाणार, भाजीच्या पाण्यात भिजणार, उन्हात वाळणार. तिथे पॉलिएस्टरच टिकतो. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बरोबर आहे का हे उलट्या बाजूला कळतं. पट्टीच्या (सॅटिन) टाक्यात मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा दोरा दिसला की ठीक. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचं टेन्शन कमी करा.

आणि भरतकाम कायम शिवायच्या आधी, तेही मापापेक्षा मोठ्या तुकड्यावर. भरून झाल्यावर माप टाकून कापा. इथे माझी एक फजिती सांगतो. २५ पिशव्यांवर खंडोबाचा घोडा भरला होता, कापडाच्या बरोबर मध्यावर. पिशवीला ४ इंचाचं बूड होतं, म्हणजे समोरच्या भागातले खालचे २ इंच बुडात गेले. पिशवी उभी केली की घोडा चिखलात रुतल्यासारखा! वरची दुमड आणि बुडात जाणारा भाग आधी खडूने आखा, उरलेल्या भागाचा मध्य धरा, आणि त्याच्याही बोटभर वर डिझाईन घ्या.

हिशेबी_माणूस_अनगोळ
मला सुईतलं काही कळत नाही, बायकोचं दुकान बघतो. पण वेळेचा हिशेब करा. भरीव वृंदावन १२,००० टाक्यांचं धरा. घरगुती मशीन मिनिटाला ४०० टाके मारत असेल तर एका पिशवीला अर्धा तास, ६० पिशव्यांना ३० तास, तेही दोरा न तुटता आणि करंट न जाता. तेच वृंदावन नुसत्या रेघांत काढलं तर ३,००० टाक्यांत बसेल, साडेसात मिनिटं. सगळं मिळून साडेसात तास. फ्रेम चढवणं-उतरवणं वेगळं.

बेळगावात जॉबवर्कवर मोठ्या मशीनवर करून घ्यायचं असेल तर दर हजार टाक्यांमागे ठरतो, पंचिंगचे, म्हणजे डिझाईन मशीनला कळेल असं टाक्यांत बसवून घ्यायचे, पैसे एकदाच. त्यातही टाके कमी असलेले बरेच.

शहापूरची_काकी
अगं, कॉम्प्युटर मशीन नव्हतं तेव्हा आम्ही काय करत होतो? साध्या मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली पाडायचे (पडत नसतील तर टाक्याची लांबी शून्यावर), कापड दाबणारा पाय काढायचा, रिंग उलटी लावायची म्हणजे कापड पाटाला टेकतं. बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यायचा आणि मग रिंग हाताने फिरवायची. मशीन जोरात, हात सावकाश. हात घाईत फिरला की टाके लांब पडतात आणि सुई मोडते. बोट सांभाळ, मी एकदा नखातून सुई घेतलीय.

६० पिशव्यांना हे सांगत नाही. पण वृंदावनातली पणती एवढी हाताने फिरव, प्रत्येक पिशवी थोडी वेगळी दिसेल. बायकांना ते आवडतं.

खणवाली
काकींचं बरोबर. आणखी एक करा, भरीव भागाला दोरा नकोच, खणाचा तुकडा लावा. वृंदावनाचा कट्टा गुळेदगुड्डच्या खणाचा आणि कडेने ३ मिलिमीटरची सॅटिन पट्टी. टाके निम्म्याच्या खाली येतात आणि पिशवी लांबून उठून दिसते. मात्र खणाच्या मागे आधी फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, नाहीतर कडेचे धागे सुटून सॅटिनमधून मिशा बाहेर येतात. खण फ्रेममध्ये दाबू नका, वळ उठतो. फ्रेममध्ये पिशवीचं कापड, खण नुसता वरून ठेवायचा.

टिळकवाडीकर
कसुतीचं, आपल्या धारवाडकडच्या हातच्या भरतकामाचं, डिझाईन घ्या की त्यापेक्षा. रथ, गोपूर, हत्ती, सगळं रेघांचंच असतं.

धारवाडची_माहेरवाशीण
डिझाईन जरूर घ्या, पण कृपा करून ‘कसुतीची पिशवी’ म्हणून विकू नका. माझी आई इरकलीवर धागे मोजून गवंती आणि मुर्गी हे कसुतीचे टाके घालायची, छापून घेतलेलं काही नाही, गाठ नाही, गवंतीची रेघ उलट-सुलट सारखी. मशीनच्या मागे बॉबिनचा दोरा दिसणारच. कसुतीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, आणि नसता तरी हे बरोबर नव्हतं.

निपाणी_टेलर
पटलं. ‘कसुतीच्या नक्षीचं मशीनकाम’ म्हणा, काही बिघडत नाही. करायचं झालं तर साध्या रनिंग टाक्याने रेघ फिकी दिसते. पंचिंगवाल्याला तिहेरी टाका मागा, तो पुढे-मागे-पुढे जातो आणि रेघ हातच्या कामासारखी भरते.

अक्षरांचं राहिलं. ४ इंचात ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ एका ओळीत कोंबलंत तर वेलांट्या आणि मात्रा गाठीसारख्या होणार. नुसतं ‘तिळगूळ’ घ्या, २ सेंटीमीटर उंचीचं. शिरोरेषा शेवटी भरायला सांगा. आधी भरली तर अक्षरं खाली ओढली जातात आणि रेषेखाली फट दिसते. मशीनमधले इंग्रजी फॉन्ट जोडून मराठी करायला जाऊ नका, मी करून बसलोय.

खानापूरची_सून
सगळ्यांची ऋणी आहे. बाईंना फोन केला. ‘तिळगूळ’ एवढंच चालेल म्हणाल्या, उलट खणाचं ऐकून खूश झाल्या. कापड काल भिजवलं, पेपर रविवार पेठेतून आणला. आज पहिला तुकडा केला, एकदम सपाट! जाऊबाईंनी दोनदा हात फिरवून बघितला.

दुसरा करत होते आणि करंट गेला. मशीन २,१०० व्या टाक्यावर थांबलंय. करंट आला की तिथूनच पुढे जातं ना?

निपाणी_टेलर
फ्रेम काढू नका, हातही लावू नका. काही मशीन स्वतःच जागा लक्षात ठेवतात. तुमचं ठेवत नसेल तर टाके पुढे सरकवायचं बटण शोधा, २,०९० वर जाऊन सुरू करा. दहा टाके एकावर एक पडले तर काही दिसत नाही.

शहापूरची_काकी
तोवर चहा घे.