स्लोव्हेनियातील प्रादेशिक फुटबॉल लीगविषयी मदत हवी आहे

नमस्कार. स्लोव्हेनियातील प्रादेशिक लीग आणि त्यांतील क्लब यांचा इतिहास मराठीत नीट नोंदवण्याचे काम मी हाती घेतले आहे. १९९१ नंतरच्या राष्ट्रीय लीगची माहिती सहज मिळते. परंतु त्याखालचे सामने ज्या नऊ आंतरपालिका संघटना (अनेक नगरपालिकांच्या क्षेत्रांसाठी मिळून असलेल्या फुटबॉल संघटना) भरवतात, त्यांचे युगोस्लाव्ह काळातील गुणतक्ते कुठे पाहता येतील? मुर्स्का सोबोता आणि लेंडावा ही एकाच प्रेकमुर्ये प्रदेशातील गावे असूनही दोन्हीकडे स्वतंत्र संघटना आहेत, म्हणून तेथील नोंदी मला विशेष मोलाच्या वाटतात.

दुसरा प्रश्न क्लबांच्या सलगतेचा आहे. ल्युब्लियानाचा जुना ऑलिंपिया क्लब बंद पडल्यावर २००५ मध्ये बेझिग्राद या नावाने नवा क्लब स्थापन झाला, पाचव्या स्तरावरून खेळत वर आला आणि पुढे त्याने ऑलिंपिया हेच नाव घेतले. मुर्स्का सोबोताचा आजचा मुरा क्लबही २०१२ मध्ये नव्याने उभा राहिला आणि २०२१ मध्ये मारिबोर क्लबला त्यांच्याच मैदानावर हरवून राष्ट्रीय विजेता झाला. अशा क्लबांच्या नोंदी त्यांच्या जुन्या क्लबांपासून वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे. मात्र समर्थकांची भावना निराळी असते. स्लोव्हेनियन वाचणाऱ्या किंवा तेथे राहणाऱ्या सदस्यांनी, जुन्या स्थानिक वृत्तपत्रांत हे तक्ते कसे शोधावेत, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.