माऊईला जुनी कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यावी का? सोबत आईबाबा आणि ५ वर्षांची मुलगी

सांगलीकर_सनीवेल:
नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये आईबाबा इकडे येतायत आणि आम्ही सगळे मिळून एक आठवडा हवाईला, म्हणजे माऊई बेटावर जायचं ठरवलंय. मी, बायको, ५ वर्षांची मुलगी आणि आईबाबा असे पाच जण. तर झालंय असं की माऊईत ८० च्या दशकातली फोक्सवॅगनची वेस्टफालिया व्हॅन भाड्याने मिळतेय, तीच ती छप्पर वर उघडणारी, आत शेगडी, सिंक, छोटा फ्रीज, मागचा बाक उलगडला की बेड होतो. फोटो बघितल्यापासून माझ्या डोक्यातून ती गाडी जातच नाहीये.

खरं कारण वेगळं आहे. बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. आंबोली, करूळ, आंबा, सगळे घाट पावसाळ्यात रात्रीबेरात्री केलेत, पण स्वतःच्या घरच्यांना घेऊन असं फिरायला गाडी काढली असं आयुष्यात एकदाही झालं नाही, सुट्टीत आम्ही कुठे गेलो तरी ते ड्यूटीवर. त्यामुळे मला वाटतंय की माऊईतल्या हाना गावाच्या वळणावळणाच्या रस्त्याला त्यांच्यासोबत अशाच गाडीने जावं, साध्या रेंटल कारने नाही. हॉटेलचा खर्च वाचेल हा मुद्दा आहेच पण तो दुसरा.

तर प्रश्न असे की एवढी जुनी गाडी तिथल्या चढांना टिकते का, रात्री कुठे लावायची, आणि बाबांना थोडी चालवायला देता येईल का (त्यांचं भारतातलं लायसन्स चालू आहे, वय ६८). मी स्वतः इथे आल्यापासून ऑटोमॅटिकच चालवतोय, मॅन्युअल शेवटची सांगलीत मारुती ८००.

वेस्टी_पोर्टलंड:
माझ्याकडे ८७ ची व्हॅनागॉन (फोक्सवॅगनच्या याच व्हॅनचं नाव) वेस्टफालिया आहे, ९ वर्षं झाली, आणि माऊईत अशीच एक भाड्याने घेऊन ५ दिवस फिरलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडी नक्की कुठली ते विचारा. ८३ च्या आधीची असेल तर इंजिन हवेने थंड होणारं, २ लिटर, ६७ हॉर्सपॉवर. नंतरची पाण्याने थंड होणारी, त्यातली २.१ लिटरवाली ९५ च्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे. हालेआकाला, म्हणजे लोक सूर्योदय बघायला जातात तो तिथला डोंगर, १०,०२३ फूट आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, आणि विमानतळाच्या काहुलुई गावापासून साधारण ३७ मैलांत तुम्ही शून्यावरून तिथे पोचता. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे माथ्यावर तीस टक्के गेली, आणि गाडीत पाच माणसं. चढते, पण दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मागे पंधरा गाड्यांची रांग घेऊन. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे पाण्याचे पाइप अख्ख्या गाडीखालून जातात, त्यात कुठे हवा अडकली की गाडी तापते. मी अर्ध्या चढावर दिवा लुकलुकताना बघून बाजूला घेतली, हीटर फुल्ल सोडला, पाऊण तास थांबलो आणि मग परत फिरलो. सूर्योदय हुकला.

उतरताना तुमच्या बाबांना माहितीच असेल, ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मागे ड्रम ब्रेक आहेत, वास यायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

मालकाला हे विचाराच: पेट्रोलचे रबरी पाइप शेवटचे कधी बदलले? जुन्या व्हॅनागॉनला आग लागायचं हे नेहमीचं कारण आहे, पाइप चिरतो आणि पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं. आग विझवायचं सिलिंडर गाडीत आहे का, प्रोपेनची गळती तपासली आहे का, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का. या प्रश्नांवर जो मालक वैतागतो त्याची गाडी घेऊ नका. आणि रिव्हर्स कसा पडतो ते त्याच्यासमोर दोनदा करून बघा, नाहीतर पहिल्याच अरुंद वळणावर घाम फुटेल. तुमचा हात डाव्या बाजूच्या गिअरला सरावलेला, इथे तो उजवीकडे, पण हे अर्ध्या तासात जमतं, त्याची काळजी करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाच जणांना पाच पट्टे आहेत का? बऱ्याच वेस्टफालियात चारच सीट पट्ट्याच्या असतात. आणि मुलगी ५ वर्षांची म्हणजे बूस्टर (मुलांना उंच बसवणारी बैठक). बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, आणि जुन्या व्हॅनमध्ये मागच्या बाकाला बऱ्याचदा नुसता कमरेचा पट्टा असतो. हार्नेसवाली (स्वतःचे पट्टे असलेली) सीट कमरेच्या पट्ट्यावर बसवता येते, पण तिचा वरचा टेदर (सीट मागे बांधून ठेवणारा पट्टा) अडकवायला जागा लागते, ती या गाड्यांत नसते. एअरबॅग, एबीएस काही नाही. माझी गाडी माझ्या जिवाभावाची आहे तरी सांगतो, माझ्या पुतणीला मी त्यात हायवेला बसवत नाही.

डोंबिवली_ते_होनोलुलू:
मी हवाईच्याच ओआहू बेटावर राहते, १४ वर्षं. रात्री कुठे लावायची यावर लिहिते कारण यात लोक सगळ्यात जास्त चुकतात.

समुद्राकाठी कुठेही गाडी लावून झोपायचं, फोटोत असतं तसं, हे इथे चालत नाही. राज्याचा कायदा आहे, संध्याकाळी ६ ते सकाळी ६ रस्त्यावर किंवा कुठल्याही सार्वजनिक जागेत उभ्या गाडीत मुक्काम करता येत नाही, गाडी झोपण्यासाठीच बनवलेली असली तरी. परमिट असलेली कॅम्पसाइटच लागते, आणि तिथेही काही साइट फक्त तंबूच्या असतात, व्हॅनच्या वेगळ्या, त्यामुळे बुक करताना नीट वाचून व्हॅनचीच घ्या. हानाजवळ वाइआनापानापा स्टेट पार्क आहे, काळ्या वाळूचा किनारा, तिथे व्हॅनसाठी साइट आहेत, बाहेरच्यांना रात्रीचे ३० डॉलर. टॉयलेट, शॉवर आहेत. हानाच्या पुढे नॅशनल पार्कचं किपाहुलु कॅम्पग्राउंड आहे पण तिथे प्यायचं पाणी नाही आणि टॉयलेट खड्ड्याचं, आईबाबांना घेऊन मी सुचवणार नाही. व्हॅनमध्ये टॉयलेट नसतं हे लक्षात आहे ना? वडिलांना रात्री उठावं लागत असेल तर याचा विचार आधी करा. आधी परमिट मिळवा, मग गाडी बुक करा. उलट क्रमाने केलं की लोक रात्री ९ ला पार्किंग शोधत फिरतात.

आणि एक मनापासून सांगायचंय. ८ ऑगस्ट २०२३ ला माऊईतलं लाहाइना गाव जळलं, शंभरावर माणसं गेली, हजारोंची घरं गेली. त्यानंतर तिथली कितीतरी कुटुंबं गाडीत, तंबूत, नातेवाइकांच्या हॉलमध्ये राहिलीत. अशा बेटावर पाहुण्याने फुकटात रस्त्याकडेला गाडी लावून झोपणं लोकांना लागतं, आणि लागायलाच पाहिजे. परमिटचे पैसे भरा, दुकानात स्थानिक माल घ्या, किनाऱ्यावर कोणाची पूजा किंवा कुटुंबाचा कार्यक्रम चालू असेल तर लांबून जा.

हानाच्या रस्त्यावर मागे स्थानिक माणसाची गाडी आली की बाजूला घेऊन जाऊ द्यायचं, तो कामावर किंवा दवाखान्यात चाललेला असतो. साधारण ६२० वळणं आहेत आणि ५९ पूल, त्यातले ४६ एकेरी. एकेरी पुलावर समोरून येणाऱ्या रांगेतल्या पाच-सात गाड्या जाऊ द्यायच्या, मग आपल्या बाजूच्या तेवढ्याच जातात. सनस्क्रीन इथेच येऊन मिनरलवालं घ्या, बाकीच्यांवर माऊईत बंदी आहे, प्रवाळासाठी.

सांगलीकर_सनीवेल:
बाप रे, पट्ट्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता मालकाला मेसेज केला, त्याने लगेच उत्तर दिलं, मागे दोन पट्टे, दोन्ही फक्त कमरेचे. म्हणजे मुलीला घेऊन विषय संपला. मन खट्टू झालंय पण बरं झालं विचारलं.

बाबांना चालवायला द्यायचं काय?

कोथरूड_डॅलस:
नको दादा. करारात ज्यांची नावं आहेत त्यांनीच चालवायची, दुसऱ्या कोणी चालवताना साधा ओरखडा आला तरी विमा हात वर करतो. आणि विम्याचंच सांगतो, बऱ्याच क्रेडिट कार्डांचं रेंटल कव्हर कॅम्पर व्हॅनला आणि २० वर्षांहून जुन्या गाड्यांना लागूच होत नाही, तुमच्या कारच्या पॉलिसीतही अशा गाड्या बऱ्याचदा वगळलेल्या असतात. फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. हानाच्या पुढून दक्षिणेकडून वळसा घालून येणारा रस्ता आहे, तो अनेक भाडेकरारांत मना केलेला असतो. गेलात त्याच रस्त्याने परत या.

मी ६ वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन अशीच व्हॅन केली होती, तीन रात्री. वरच्या बेडवर चढणं म्हणजे पुढच्या सीटवर पाय ठेवून अंग वर ओढून घ्यायचं, ६५ च्या माणसाला ते होत नाही, म्हणून ते खाली आणि आम्ही दोघं वर. दुसऱ्या रात्री पाऊस लागला, हाना बेटाच्या पावसाच्या बाजूला आहे, छपराच्या कापडातून पाणी झिरपायला लागलं, सगळी अंथरुणं ओली. वडील रात्री दोनदा उठले, अंधारात चप्पल सापडेना, चिखलात पाय घसरला. काही मोडलं नाही हे नशीब. आई तीन दिवस एक शब्द तक्रारीचा बोलली नाही आणि विमानात बसल्यावर मला म्हणाली, गुडघे फार दुखले रे. ते मला आजही टोचतं. आपल्या हौसेसाठी त्यांना नेलं असं वाटत राहतं.

वेस्टी_पोर्टलंड:
@सांगलीकर एक सुचवू का? व्हॅन सोडू नका, माणसं कमी करा. घरच्यांसाठी किहेईला किचनवाला काँडो (फ्लॅट) आणि साधी कार घ्या, त्यात मुलीची सीट व्यवस्थित बसेल. हालेआकालाही त्याच कारने करा. सूर्योदयाचं बुकिंग गाडीमागे १ डॉलर, ६० दिवस आधी उघडतं, पार्कची ३० डॉलरची एंट्री वेगळी, आणि वर पहाटे बर्फासारखी थंडी असते तेव्हा स्वेटर, कानटोपी घेऊन जा. हवा विरळ असते, वडिलांना सावकाश चालू द्या. आणि शेवटचे दोन दिवस फक्त तुम्ही आणि बाबा व्हॅनने हानाला.

गाडी त्यांनी चालवायची गरजच नाही. व्हॅनागॉनमध्ये पुढची सीट चाकांच्या वर असते, समोर बॉनेट नाही, त्यामुळे वळण आपल्याखाली आल्यावर स्टिअरिंग फिरवायचं असतं. कार चालवणाऱ्याला हे जमायला वेळ लागतो, तो लवकर वळवतो आणि मागचं चाक कडेला जातं. एसटीच्या ड्रायव्हरला हे अंगात मुरलेलं असतं. त्यांना शेजारी बसवा आणि कधी वळवायचं ते त्यांना सांगू द्या. यापेक्षा चांगला शिकवणारा तुम्हाला तिथे मिळणार नाही.

डोंबिवली_ते_होनोलुलू:
फार छान सुचवलंत. वहिनी, आई आणि मुलगी कारने मागून येऊन हानाला खोली घेऊन राहू शकतात. पेट्रोल पाइआला फुल्ल करा, त्यानंतर थेट हानाच. फोनला रेंज मधे मधे नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाऊस असेल तर ओढ्यात, धबधब्याखाली उतरू नका, वर पडलेला पाऊस खाली एकदम लोंढा होऊन येतो.

आईंना वाटेत केआनेला नक्की न्या. तिथे अळूची शेती आहे, पाण्याने भरलेली खाचरं, अगदी आपल्या भातासारखी. हवाईयन लोक कंद वाफवून कुटून पोई करतात, त्यांच्यासाठी ते आपल्या पूर्वजासारखं रोप आहे, म्हणून शेतात उतरू नका, रस्त्यावरून बघा. विलायती फणसाची झाडंही दिसतील.

सांगलीकर_सनीवेल:
ठरलं. बायकोला दाखवला हा धागा, ती म्हणाली असंच करूया. वाइआनापानापाची व्हॅनची साइट दोन रात्रींसाठी मिळाली, मग मालकाला हो सांगितलं. त्याने पेट्रोलचे पाइप मागच्या वर्षी बदलल्याची पावती पाठवली. विमा त्याच्याकडूनच वेगळा घेतोय. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, इंजिन मागे असेल तर ऑइल बघायचं कुठून.

सांगलीकर_सनीवेल:
मंडळी, परत आलो. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहितो.

हानापर्यंतच्या ५२ मैलांना आम्हाला सव्वापाच तास लागले, थांबत थांबत. पहिल्या दहा वळणांत मी दोनदा लवकर वळवलं, बाबा नुसतं "अजून... अजून... हां आता" एवढंच म्हणत होते, लहानपणी सायकल शिकवताना म्हणायचे तसं. नंतर जमलं. एकेरी पुलांवर ते प्रत्येक समोरच्या ड्रायव्हरला हात करायचे, सगळे उलट हात करायचे. केआनेला आई गाडीतूनच ओरडली, अगं हे तर आपलं अळू, आणि दहा मिनिटं नुसती उभी राहिली तिथे.

पहिल्या रात्री पाऊस आला. छप्पर बंद करून दोघं खालच्या बेडवरच झोपलो, अडचण झाली पण कोरडे राहिलो. बाबांची चप्पल आणि टॉर्च दाराशीच ठेवली होती, टॉयलेटपर्यंत मी सोबत गेलो. सकाळी सहाला उठून बघतो तर ते मागचं झाकण उघडून ऑइलची काडी पुसत उभे. शेगडीवर चहा केला, सिलिंडर मालकाने भरून दिलं होतं, आपल्याला विमानातून गॅस नेता येत नाही हे लक्षात ठेवा. फ्रीज मात्र गाडी सपाट जागेवर नसली की थंडच करत नाही, दूध नासलं. दूध पावडर न्या.

आणि परमिट कागदावर छापून न्या, वाइआनापानापाच्या गेटवर माझ्या फोनला नेटवर्कच नव्हतं.