बायर्नमधली चौथी, घरची भाषा आणि नवऱ्याचं "बघू"

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. जर्मनीत, त्यातही बायर्नमध्ये मुलं वाढवलेल्यांना विचारायचंय.

नाशिकहून म्युनिकला आलो तेव्हा लेक दुसरीत होती. आधी डॉइचक्लास, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांचा वेगळा वर्ग; चित्रकला नि खेळाच्या तासाला तेवढी बाकीच्यांत. तिसरी नेहमीच्या वर्गात काढली. सप्टेंबरात चौथी सुरू होतेय, आणि इथली चौथी म्हणजे आपली दहावीच. मे महिन्यात एक दाखला देतात. जर्मन, गणित आणि एचएसयू (आपला परिसर अभ्यास समजा) यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिमनाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशुले (दहावीपर्यंतची, मधली), त्यापुढे मिटेलशुले (कामधंद्याच्या शिक्षणाकडे जास्त झुकणारी). इथे १ सर्वांत चांगला, ६ सर्वांत वाईट. (नातीला गणितात '२' मिळाले हे ऐकून सासूबाई फोनवर रडायच्याच बाकी होत्या.)

गणित तिला येतं. घोडं अडतं ते शाब्दिक उदाहरणांत. परवा एक होतं: बागेला कुंपण घालायचंय, फाटकाची जागा सोडून, तर तार किती लागेल? हिने चारही बाजूंची बेरीज अचूक केली आणि फाटकावरूनही तार ओढून मोकळी झाली. शिवाय वर्गात तोंड उघडत नाही, आणि इथे वर्गातल्या बोलण्यालाही गुण असतात. घरी मात्र टकळी बंद होत नाही.

बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण घरीसुद्धा जर्मनच बोलत जा. आणि जाता जाता, "रेआलशुलेही चांगलीच असते हं." माझं जर्मन बी-वन पातळीचं, म्हणजे रोजच्या कामापुरतं, नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत. आम्ही तिला काय जर्मन शिकवणार? नवरा म्हणतो, इंटरनॅशनल शाळेत घालू, नाहीतरी परतच जायचंय. कधी, असं विचारलं की "बघू".

तर घरात मराठी बंद करायची का? आणि हे वर्ष कसं काढायचं?

न्युर्नबर्गची_मावशी
अजिबात बंद करू नका. दोन्ही पोरं इथेच वाढवली, घरात शुद्ध सोलापुरी. तुमचं चुकतमाकत जर्मन ऐकून ती काय शिकणार? त्यापेक्षा ज्या गोष्टींवर तुम्ही मराठीत तावातावाने बोलू शकता त्यावर बोला. एचएसयूचा धडा जेवताना मराठीत समजावा, पाणी कुठून येतं, नगरपालिका काय करते, सगळं. कल्पना डोक्यात असली की तिला फक्त शब्दच शोधावे लागतात.

बाईंनी सांगितलं नसेल तर हे कागदावर लिहून घ्या: मातृभाषा जर्मन नसलेलं आणि पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेलं मूल असेल, तर सरासरी ३.३३ पर्यंत गेली तरी शाळा गिमनाझियमसाठी योग्य ठरवू शकते. अट अशी की कमी पडलंय ते भाषेमुळे आणि ते भरून निघण्यासारखं आहे. "ठरवू शकते" म्हणतेय, ठरवलंच पाहिजे असं नाही. म्हणून मे महिन्याची वाट बघू नका, ऑक्टोबरातच बाईंची वेळ घ्या आणि थेट हाच नियम विचारा. आपण लोक शाळेत जाऊन नुसत्या माना डोलावतो. इथे न विचारणाऱ्याला काही मागायचं नाहीये असंच धरतात. दाखल्यात नाहीच बसलं तर तीन दिवसांची चाचणी असते, जर्मन आणि गणिताची. तीही देता येते.

शाब्दिक उदाहरणं: आधी आकडे न देता नुसती गोष्ट वाचून घ्या. काय चाललंय ते तिने मराठीत सांगायचं, मग चित्र काढायचं. फाटकासकट!

टाकळीभान
मी नवरोबांच्या बाजूने. आमचा मुलगा इंटरनॅशनलमध्ये आहे, मजेत आहे. फी पगाराचा लचका तोडते खरी, पण उद्या बंगळूर झालं काय नि सिंगापूर झालं काय, शाळा तीच चालू राहते. फक्त आमच्या गल्लीतलं एकही पोर त्याला ओळखत नाही. शनिवारी दोन मेट्रो बदलून मित्राकडे सोडायला जातो. चालायचंच.

अर्धा_फ्रांकन
माझं मराठी आईच्या कृपेने आहे, चुका पोटात घाला. मी एर्लांगेनमध्ये वाढलो. ताई, तुमच्या प्रश्नात मला भाषेपेक्षा ते "बघू" जास्त टोचलं.

आमच्या घरी दर दिवाळीला ठरायचं की पुढच्या वर्षी परत. म्हणून धड सोफा आला नाही, आणि हँडबॉलच्या क्लबात नाव घातलं नाही, कशाला उगाच वर्षाची वर्गणी? मीही तसाच वागायचो. ज्या मुलांना सोडूनच जायचंय त्यांच्याशी कशाला बोला? बाईंच्या वहीत मी "लाजाळू". चौथीनंतर रेआलशुलेत गेलो. त्यात कमीपणा काही नाही. दहावीनंतर एफओएस (आपल्या अकरावी-बारावीसारखं) केलं, आता मेकॅनिकल शिकतोय. पण ती निवड माझ्या डोक्यामुळे झाली नव्हती, गप्प बसण्यामुळे झाली होती, हे मला चांगलं माहीत आहे.

माझ्या तुर्की मित्राच्या घरी हीच गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे. तुर्कस्तानाशी कामगारांचा करार १९६१चा, भरती थांबली १९७३ला. पाहुणे कामगार, आज ना उद्या जाणारच, असं सरकार धरून चाललं होतं, आणि त्याचे आजोबाही. बायर्नमध्ये तेव्हा तुर्की मुलांसाठी तुर्कीतून शिकवणारे वेगळे वर्ग होते, परत गेल्यावर अडू नये म्हणून. त्याची आत्या त्यातच शिकली. परत कोणीच गेलं नाही. आजही सरकारी पत्र आलं की ती भाच्याला फोन करते.

मला कोंडीतून काढलं ते शेजारच्या काकूंनी. एका मंगळवारी स्वतःच्या मुलाबरोबर मलाही गाडीत घालून हँडबॉलला नेलं, आईला सांगितलंदेखील नंतर. मैदानावर ओरडल्याशिवाय चेंडू मिळत नाही, त्यामुळे ओरडायला लागलो, आणि तिथल्या फ्रांकिश बोलीतच ओरडायला लागलो. वर्गातलं बोलणं त्यानंतर आलं.

अवांतर: "तू किती छान जर्मन बोलतोस" हे मला अजूनही ऐकावं लागतं. आता मी "तुम्हीसुद्धा" म्हणतो.

न्युर्नबर्गची_मावशी
+१. राहायचं की जायचं हे तुम्हा दोघांना आज नाही ठरवता येणार, मान्य. जून २०२४पासून इथलं नागरिकत्व सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी मागता येतं, जर्मनी जुना पासपोर्ट सोडा म्हणत नाही, पण भारत दोन ठेवू देत नाही. तो घोळ तुमचा, पोरीचा नाही. तिच्यापुढे "परत जायचंय" हे रोज काढू नका, एवढंच. आणि पोहायला घाला. सहलीच्या दिवशी एकटीच काठावर बसलेलं मूल मी पाहिलंय.

पंचवटीकर
सगळ्यांचे आभार. धागा नवऱ्याला वाचायला दिला. "बघू" म्हणाला, पण मावशींचा ३.३३चा नियम त्याने स्वतः शाळाखात्याच्या साइटवर जाऊन पडताळला, म्हणजे लागलंय कुठेतरी. ऑक्टोबरातल्या भेटीसाठी बाईंना मेल टाकली. इंटरनॅशनलचा फॉर्म अजून टेबलावरच आहे, तो मी हलवलेला नाही.

जवळच्या क्लबात गुरुवारी मुलींचा हँडबॉल असतो, पहिले काही वेळा फुकट येऊन बघा म्हणाले. लेक म्हणते, येते, पण तू आत यायचं नाहीस. बूट कसले लागतात? तिच्याकडे शाळेत जायचे रोजचे आहेत.

अर्धा_फ्रांकन
ते चालणार नाहीत. फिकट तळव्याचे घ्या, जमिनीवर काळे ओरखडे न उठवणारे, आणि बाहेर घालू नका. हॉलच्या दारात घरमालक-छाप एक काका उभे असतात, ते आधी तळवेच बघतात. पाण्याच्या बाटलीवर नाव घाला.