मदत हवी आहे : एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर माहिती पाठवताना नोंद कोरी होते

धागाकर्ता :
नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका लहान मराठी वाचनालयासाठी मी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत अँड्रॉइड अ‍ॅप लिहीत आहे. पहिल्या स्क्रीनवर पुस्तकाचे नाव, लेखक आणि दाखल क्रमांक भरायचा, दुसऱ्यावर मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि तिसऱ्यावर सर्व तपासून नोंद कायम करायची, अशी रचना आहे. फोटोचा बिटमॅप (मेमरीत पूर्ण उलगडलेले चित्र) इंटेंटमध्ये, म्हणजे पुढची स्क्रीन उघडणाऱ्या संदेशात, पुटएक्स्ट्राने घातला, तर अ‍ॅप ट्रान्झॅक्शनटूलार्जएक्सेप्शन (पाठवलेली माहिती फार मोठी असल्याची त्रुटी) देऊन बंद पडते. म्हणून सध्या संपूर्ण नोंद एका सिंगलटन ऑब्जेक्टमध्ये (अ‍ॅपभर एकच असणाऱ्या, मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवली आहे. माझ्याकडे ते सुरळीत चालते; ग्रंथपालबाईंच्या कमी रॅमच्या जुन्या फोनवर मात्र कॅमेऱ्यातून परत आल्यावर कधी कधी नोंद कोरी दिसते. डेव्हलपर ऑप्शन्समधील 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' (सोडलेली स्क्रीन लगेच नष्ट करणारा पर्याय) चालू करूनही हा दोष माझ्या फोनवर उमटत नाही. माहिती नेमकी कोठे ठेवावी?

प्रतिसाद :
दोन्ही दोषांची कारणे वेगळी आहेत. इंटेंट बाइंडर या अँड्रॉइडच्या निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणेतून जातो आणि बाइंडरची जागा एका प्रोसेसच्या (मेमरीत चालू असलेल्या अ‍ॅपच्या) सर्व चालू व्यवहारांना मिळून सुमारे १ एमबी असते. फोटोची जेपीईजी फाइल काहीशे केबीची असली, तरी १०८० × १४४० पिक्सेलचा तोच फोटो बिटमॅप म्हणून उघडल्यावर, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून, ६ एमबींच्या वर जातो. तेव्हा फोटो फाइलमध्येच राहू द्यावा आणि पुढे केवळ तिचा पत्ता पाठवावा.

कोऱ्या नोंदीचे कारण असे, की कॅमेरा उघडताच मेमरी कमी पडून सिस्टिम आपल्या अ‍ॅपची प्रोसेसच मारते. परतल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे ती स्क्रीन, नव्याने उभी राहते आणि तिचा इंटेंट सिस्टिमने जपलेला असल्यामुळे तोही परत मिळतो. सिंगलटन मात्र प्रोसेसबरोबर गेलेला असतो. आपण वापरलेला पर्याय फक्त अ‍ॅक्टिव्हिटी नष्ट करतो, प्रोसेस तशीच ठेवतो, त्यामुळे या दोषासाठी ती चाचणी फसवी आहे. अ‍ॅप पार्श्वभूमीत पाठवून संगणकावरून एडीबी (जोडलेल्या फोनला आज्ञा देण्याचे साधन) वापरून 'एडीबी शेल एएम किल' ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचे नाव द्यावे, मग अलीकडील अ‍ॅप्सच्या यादीतून ते पुन्हा उघडावे. दोष आपल्या फोनवरही दिसेल.

धागाकर्ता :
आभारी आहे. दोष दिसला. जतन झालेल्या पुस्तकाचा आयडी पुढे पाठवून बाकीची माहिती रूम डेटाबेसमधून (फोनमधल्या कायम साठ्यातून) वाचणे सोपे आहे, परंतु अर्धवट भरलेल्या नोंदीला अजून आयडीच नसतो. मग ती सामायिक व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती मेमरीत सांभाळणाऱ्या घटकात) ठेवावी का?

प्रतिसाद :
व्ह्यूमॉडेल स्क्रीन आडवी केल्यावर टिकते, प्रोसेस मेल्यावर टिकत नाही. व्ह्यूमॉडेलला जोडलेले सेव्हडस्टेटहँडल टिकते, पण तेही बंडलच (सिस्टिमकडे जपायला दिलेली माहितीची पुडी) असल्यामुळे त्यात थोडकेच ठेवावे, कारण अँड्रॉइड ७.० पासून जतन करायची स्थिती फार मोठी झाली, तर अ‍ॅप पार्श्वभूमीत जातानाच कोसळते. माझ्या मते आपल्या कामात अर्धवट नोंदीलाच आयडी द्यावा. पहिल्या स्क्रीनवरून पुढे जाताना रूममध्ये 'मसुदा' अशी खूण असलेली ओळ घालावी, तिचा आयडी तिन्ही स्क्रीनना द्यावा आणि शेवटी ती खूण काढावी. सूची दाखवणाऱ्या क्वेरीत मसुदे वगळावेत, नाहीतर वाचकांना अपुरी पुस्तके दिसू लागतील. मसुद्यात दाखल क्रमांक रिकामा असू शकतो, म्हणून तो स्तंभ प्राथमिक की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) म्हणून वापरू नये. फोटोच्या फाइलचा पत्ताही कॅमेरा उघडण्यापूर्वीच त्या ओळीत लिहावा, कारण प्रोसेस त्यानंतर केव्हाही जाऊ शकते.